‘४०.१०’ म्हणजे नक्की किती? कोयना, आयर्विन पूल आणि आकड्यांची भाषा

पावसाळ्यात सातारा-सांगली पट्ट्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर दोन आकडे हमखास येतात. कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी नुसतं ‘४०.१०’ टाकतं आणि पुढच्या दहा मिनिटांत तो मेसेज पन्नास ग्रुपवर पोचतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर नीट चालतोय का, यावर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सिस्टिमवर माझं रोजचं काम चालतं. त्यामुळे असा सुटा आकडा दिसला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो : हा पार्स कसा करायचा? म्हणजे यातला अर्थ मशीनला, आणि खरं तर माणसालाही, न चुकता कसा कळणार?

मॉनिटरिंगवाले आकडा कसा लिहितात?

नागिओस नावाचं एक जुनं, ओपन सोर्स मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आहे. १९९९ मध्ये ते नेटसेंट या नावानं आलं आणि पुढे नागिओस झालं. त्यात प्लगइन नावाचे छोटे प्रोग्रॅम असतात. प्रत्येक प्लगइन एकच गोष्ट तपासतो, एक ओळ छापतो आणि बाजूला होतो. त्या ओळीत मध्ये एक उभी रेघ असते. रेघेच्या आधी माणसासाठी वाक्य, रेघेनंतर मशीनसाठी आकडे. या दुसऱ्या भागाला परफॉर्मन्स डेटा म्हणतात.

खऱ्या प्लगइनमध्ये ही ओळ रोमन लिपीत असते. समजायला सोपं जावं म्हणून आयर्विन पुलाची एक काल्पनिक ओळ मराठीत लिहितो :

इशारा : आयर्विन पुलाजवळ पाणी ४१.५ फूट | आयर्विन_पातळी_फूट=४१.५;४०;४५;०

रेघेनंतर आधी नाव, मग आत्ताची किंमत, मग इशारा पातळी, मग धोका पातळी, शेवटी किमान किंमत. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्यामुळे सांगलीत कधीच न आलेल्या माणसालाही ही ओळ वाचून कळतं, की इशारा ओलांडलाय आणि धोक्याला साडेतीन फूट बाकी आहेत. नुसतं ‘४१.५’ वाचून यातलं काहीच कळत नाही.

नावात ‘फूट’ मुद्दाम घातलंय. नागिओसच्या मूळ नियमांत सेकंद, टक्के, बाइट अशी मोजकीच एककं आहेत. फूट आणि क्युसेक त्यात नाहीत. अशा वेळी एकक नावातच लिहायचं, म्हणजे ते वाटेत गळून पडत नाही.

दहा इंचांचा घोळ

आता ‘४०.१०’ कडे येऊ. आपल्याकडे लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा म्हणायचं असतं ४० फूट १० इंच. पण कॉम्प्युटरसाठी तो दशांश आहे. एक्सेलमध्ये ४०.१० टाइप करा, सेलमध्ये ४०.१ दिसेल. म्हणजे ४० फूट आणि साधारण सव्वा इंच. खरी पातळी दशांशात लिहिली तर ४०.८३ फूट होते. जवळपास नऊ इंच पाणी हिशोबातून गायब!

यापेक्षा वाईट गोष्ट ग्राफमध्ये होते. समजा नदी चढतेय आणि एकामागून एक मेसेज आले : ४०.८, ४०.९, ४०.१०, ४०.११, ४१.०. नदी सलग चढतेय, पण ग्राफ ४०.९ वरून एकदम खाली येतो. पाहणाऱ्याला वाटतं पाणी ओसरायला लागलं. जनावरं आत्ता हलवायची की सकाळी, हे ठरवणाऱ्या घरात ही चूक महागात पडू शकते.

स्वल्पविरामाचंही तसंच. ‘५५,१०० क्युसेक’ हे आपण सहज वाचतो. पण जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट हे फंक्शन स्वल्पविरामाशी थांबतं आणि हातात देतं ५५. पंचावन्न हजारांचा विसर्ग पंचावन्नवर आला, तरी एररसुद्धा येत नाही. देवनागरी अंकांची वेगळीच तऱ्हा. पायथॉन ‘४५’ हा आकडा बरोबर ओळखतो, जावास्क्रिप्ट मात्र ‘हा आकडाच नाही’ म्हणून मोकळं होतं.

टीएमसी म्हणजे जीबी, क्युसेक म्हणजे स्पीड

दुसरा गोंधळ एककांचा. टीएमसी म्हणजे साठा, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट. तुमच्या डेटा पॅकचे जीबी आणि नेटचा स्पीड यांत जो फरक, तोच इथे.

कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. ५० हजार क्युसेक विसर्ग पूर्ण २४ तास चालला, तर साधारण ४.३२ टीएमसी पाणी जातं, म्हणजे क्षमतेच्या जेमतेम चार टक्के. म्हणून ‘एवढं पाणी सोडलं तरी धरण रिकामं का होत नाही?’ या दरवर्षीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच गुणाकारात आहे. उरलेलं निम्मं म्हणजे वरून येणारी आवक.

पाणीपातळीचंही एकच माप नाही. अलमट्टीची ५१९.६० मीटर ही पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. आयर्विनचे ४० फूट हे तिथल्या मोजपट्टीवरचे. दोन्हींना आपण ‘पाणीपातळी’च म्हणतो, पण ती दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. अलमट्टीच्या उंचीवरून महाराष्ट्र-कर्नाटक वाद पेटतो, तेव्हा अशी वजाबाकी करणाऱ्या पोस्टपासून सावध राहा.

शून्य आणि ‘माहीत नाही’

नागिओसमध्ये प्लगइन चार उत्तरं देऊ शकतो : ठीक, इशारा, गंभीर आणि अज्ञात. मला यातलं ‘अज्ञात’ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सेन्सर बंद पडला तर शून्य लिहायचं नाही, ‘किंमत मिळाली नाही’ असंच लिहायचं, त्यासाठी वेगळं अक्षर ठरलेलं आहे. कारण पावसाच्या नोंदीत शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, आणि रिकामी जागा म्हणजे आपल्याला कळलं नाही. अतिवृष्टीच्या रात्री या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

वेळेचंही तसंच. प्लगइनच्या ओळीत वेळ नसते, पण सिस्टिम प्रत्येक नोंदीला वेळ जोडते आणि नोंद शिळी झाली तर ओरडते. फॉरवर्ड केलेल्या मेसेजला असं ओरडणारं कुणी नसतं. कालचा फोटो आजही तितकाच ताजा दिसतो.

मग करायचं काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे धोका पातळीच्या बारा फूट वर. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. हे सगळं आकड्यांच्या फॉरमॅटमुळे झालं, असं मी म्हणत नाही. पाऊस, धरणं, नदीपात्रातली बांधकामं, त्याची चर्चा मोठी आहे. पण पुराच्या काळात लोक निर्णय घेतात ते फोनवरच्या आकड्यावरून, आणि तो आकडा अर्धवट असेल तर निर्णयही अर्धवट माहितीवरचा होतो.

माझ्या मते सरकारी पुरपत्रकाबरोबर तेच आकडे मशीनला वाचता येतील अशा साध्या फाइलमध्ये, ठरलेल्या एककात, वेळेसकट सगळ्यांना खुले मिळायला हवेत. कॉलेजातली पोरंसुद्धा मग एका रात्रीत गावापुरता अलर्ट बनवतील.

तोवर एवढं आपल्या हातात आहे. आकडा पुढे पाठवताना ठिकाण, एकक, वेळ आणि इशारा-धोका पातळी लिहा. फूट आणि इंच वेगळे लिहा, मध्ये टिंब नको. ‘आयर्विन पूल, सांगली. ४० फूट १० इंच. सकाळी ८. इशारा ४०, धोका ४५.’ टाइप करायला वीस सेकंद लागतील. आणि यातलं काही माहीत नसेल, तर पाठवायच्या आधी ज्यानं पाठवलं त्याला विचारा.