कमांडोला गोंडी येते, शाळेला का नाही?

कमांडो आपल्याला बहुतेक वेळा सिनेमात भेटतो. काळे कपडे, हेलिकॉप्टरमधून सोडलेला दोर, अंधारातली कारवाई. ‘उरी’ आला तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी त्यातले संवाद महिनाभर पाठ म्हटले. मुंबईकरांना आणखी एक चित्र आठवतं: नोव्हेंबर 2008 मध्ये नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरणारे एनएसजीचे जवान. या शौर्याबद्दल मला काही वाद घालायचा नाही. पण विशेष दलांचा एक गुण सिनेमात दिसत नाही आणि तो नेमका आपल्या मराठी मंडळाच्या विषयात बसतो. तो गुण म्हणजे भाषा.

आधी थोडी माहिती. आपल्या देशात विशेष दल एकच नाही. लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसच्या बटालियन आहेत. नौदलाचे मार्कोस 1987 मध्ये उभे राहिले, हवाई दलाचं गरुड 2004 मध्ये. ओलीस सोडवणं आणि दहशतवादी हल्ले मोडून काढणं हे एनएसजीचं काम. ते दल 1984 चं. जंगलातल्या लढाईसाठी सीआरपीएफने 2008 मध्ये कोब्रा उभारलं आणि 26/11 नंतर महाराष्ट्र पोलिसांनी फोर्स वन. प्रत्येकाचं काम वेगळं, पण घडण बरीचशी सारखी. माणसं थोडी, निवड कडक, तुकडी लहान. एकेका जवानाला दोन-तीन कामं यावी लागतात, कारण लहान तुकडीत बदली माणूस नसतो.

आणि सगळ्यांना लागते ती खबर. ती मिळते माणसांकडून, आणि माणसं बोलतात त्यांच्या भाषेत. अमेरिकन लष्कराच्या ‘ग्रीन बेरे’ दलाची मूळ तुकडी 12 जणांची असते. त्यात शस्त्रं जाणणारे, स्फोटकं नि बांधकाम जाणणारे, औषधोपचार करणारे, संपर्कयंत्रणा सांभाळणारे असे सगळे असतात. यातल्या प्रत्येकाला प्रशिक्षणात एक परकी भाषा शिकावीच लागते. त्यांचं मुख्य काम दुसऱ्या देशातल्या स्थानिक लोकांना सोबत घेऊन लढणं हे आहे, आणि ते दुभाष्याच्या भरवशावर होत नाही हे त्यांच्या सैन्याला फार पूर्वीच कळलेलं आहे.

हेच शहाणपण महाराष्ट्रात 1990 मध्ये गडचिरोलीत दिसलं. तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातल्याच तरुणांमधून 60 जणांचं एक पथक तयार केलं. त्यावरून नाव पडलं सी-60. बाहेरून आलेल्या पोलिसाला जंगलातली पायवाट माहीत नाही, कुठल्या नाल्याला कधी पाणी असतं हे माहीत नाही, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गावातल्या माणसाशी बोलता येत नाही. स्थानिक पोराला हे सगळं उपजत येतं. तो गोंडी किंवा माडिया बोलतो, मराठी बोलतो, आणि गावात शिरल्यावर कोण कोणाचा सोयरा हे त्याला विचारावं लागत नाही. पुढे हे पथक वाढत गेलं. त्याच्या जवानांनी हजारीबाग आणि मानेसरपर्यंत जाऊन प्रशिक्षण घेतलं, पण दलाचा पाया स्थानिक राहिला.

प्राणहिता ओलांडली की पलीकडे तेलंगण. तिथे एक वर्ष आधी, 1989 मध्ये, आयपीएस अधिकारी के. एस. व्यास यांनी ग्रेहाउंड्स हे दल उभारलं होतं. त्याची पद्धत थोडी निराळी: सबंध राज्याच्या पोलिसांतून निवडलेली तरुण माणसं, लहान तुकड्या, पाठीवर सामान घेऊन दिवसेंदिवस जंगलात राहणं, पक्की खबर असेल तरच हालचाल. व्यास यांना जानेवारी 1993 मध्ये हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर व्यायाम करत असताना गोळ्या घालण्यात आल्या. ग्रेहाउंड्सची किंमतही मोठी आहे. जून 2008 मध्ये ओडिशातल्या बालिमेला जलाशयात त्यांच्या बोटीवर हल्ला होऊन 38 जण गेले. दुसऱ्या बाजूला, या दलांच्या चकमकींवर त्या बनावट असल्याचे आरोप वारंवार झाले आणि प्रकरणं कोर्टात गेली, हेही विसरून चालत नाही.

मी मूळची मुधोळची, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. मुधोळ हे जंगलातलं गाव नव्हे. बासरच्या आणि धर्माबादच्या शेजारचं, शेतीवाडीचं गाव. निजामाच्या राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबीर हे भाग आंध्र प्रदेशात गेले आणि आदिलाबाद जिल्ह्याला जोडले गेले. धर्माबाद मराठीच्या बाजूला राहिलं. 2016 पासून आमचा जिल्हा निर्मल झाला, तरी जुनी माणसं अजून आदिलाबादच म्हणतात. आमच्या घरात मराठी, बाजारात मराठी-तेलुगू-उर्दूची मिसळ, आणि मंडल ऑफिसात तेलुगू. जमिनीचं पासबुक तेलुगूत. ज्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचता येत नाही, तो नातवाला सोबत नेतो. नातू शाळेत गेलेला नसेल तर दुसऱ्याच्या नातवाला विचारतो. सरकारशी बोलायला मध्ये कुणीतरी लागणं म्हणजे काय, हे सरहद्दीवरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि आम्हाला निदान तेलुगू शिकण्याची सोय तरी आहे. आमच्याच जुन्या जिल्ह्याच्या उत्तरेला गोंड राहतात. त्यांच्या भाषेला ना हे सरकार आपलं म्हणतं, ना ते.

त्याच जिल्ह्यात इंद्रवेल्लीला 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृत्यूंचा. लोक त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. जमाव आणि पोलीस यांना एकमेकांची भाषा कळत असती तर गोळीबार टळला असता, असा भाबडा दावा मी करणार नाही. भांडण जमिनीचं होतं. पण ज्या माणसाचं गाऱ्हाणं कचेरीत कुणाला कळतच नाही, त्याचं गाऱ्हाणं कळणारा दुसरा कुणी जंगलातून आला तर तो त्याच्यामागे जाणार. माओवाद्यांना हे पोलिसांच्या आधी कळलं होतं. त्यांनी गोंडी शिकून घेतली. सी-60 हे एका अर्थाने त्याला उशिरा दिलेलं उत्तर होतं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. भाषा येणारी स्थानिक माणसं घेतली तर काम होतं, हे सरकारला 1990 मध्ये पटलं. मग ते फक्त पोलिसांच्या बाबतीतच का पटलं? शिक्षकाच्या, नर्सच्या, तलाठ्याच्या बाबतीत का नाही?

हे होऊ शकत नाही असं कुणी म्हणेल तर इतिहास आमच्याच जिल्ह्यातला आहे. 1940 मध्ये जोडेघाटला कोमराम भीम निजामाच्या पोलिसांकडून मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांची स्थिती पाहायला लावलं. 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र सुरू झालं. गोंडीतली वाचनपुस्तकं निघाली आणि ती छापली गेली देवनागरीत, म्हणजे आपल्याच लिपीत. बंडानंतर तीन वर्षांत एका संस्थानी राजवटीला जे सुचलं, ते लोकशाहीला एवढं जड का जावं?

गडचिरोलीतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी 2019 मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं अशी सोय राज्यांनी करावी, असं आपल्या संविधानाचं कलम 350-अ सांगतं. एकाच जिल्ह्यात गोंडी येणाऱ्या तरुणाला सरकार अभिमानाने गणवेश देतं, आणि गोंडीत शिकवणाऱ्या शाळेला नोटीस देतं. हे दोन्ही निर्णय वेगवेगळ्या खात्यांचे आहेत, हे मला कळतं. पण गावातल्या माणसाला सरकार एकच दिसतं.

गडचिरोली पोलिसांनी ‘पोलीस दादालोरा खिडकी’ हा उपक्रम चालवला आहे. जातीच्या दाखल्यापासून सरकारी योजनांपर्यंतची कामं त्यात पोलीस मदत केंद्रावर होतात. नावसुद्धा लोकांच्या भाषेतलं आहे. उपक्रम चांगला, त्याने लोकांचे हेलपाटे वाचले. तरीही मला प्रश्न पडतो की जातीच्या दाखल्यासाठी माणसाने बंदूकधारी चौकीत का जावं? तिथे भाषा कळते म्हणून? मग ती तहसील कचेरीत का कळू नये?

यावर एक उत्तर असं मिळतं की पेसा क्षेत्रातल्या काही पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवार घेण्याची तरतूद आहेच. तरतूद आहे, पण ती भरती वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकत राहिली. कमांडोंची भरती अडली असती तर सरकारने इतकी वर्षं वाट पाहिली असती का? दुसरं उत्तर असं की गोंडी शिकून पोरं मागे पडतील, त्यांना मराठी-इंग्रजीच द्या. मी मराठी घरातून तेलुगू मुलखात वाढले. घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा अडत नाही, असा माझा अनुभव आहे. अडतं ते मूल, ज्याला पहिलीच्या वर्गात बाई काय म्हणतात हेच कळत नाही आणि जे दोन वर्षांत शाळा सोडतं.

स्थानिक तरुणांचं दल उभं करण्याला आणखी एक बाजू आहे. सी-60 चा जवान ज्याच्याशी लढतो तो कधी कधी त्याच्याच गावचा, त्याच्याच शाळेत त्याच्या शेजारी बसलेला असतो. जवानाच्या घरच्यांना गाव सोडून पोलीस ठाण्याच्या आसऱ्याला यावं लागलं आहे. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात गडचिरोली पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाचे 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. छत्तीसगडमध्ये कमी शिकलेल्या आदिवासी पोरांना महिना 3000 रुपयांच्या मानधनावर बंदुका देण्याचा जो प्रकार चालला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये थांबवला. सी-60 चे जवान रीतसर नोकरीतले, प्रशिक्षित पोलीस आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण एखाद्या समाजाची भाषा सरकारला फक्त लढण्यापुरती हवी असेल, तर त्या समाजातल्या हुशार पोराला सरकारात शिरायचा सोपा रस्ता बंदुकीचाच उरतो. त्याला शिक्षक व्हायचं असेल तर त्याची गोंडी कुठल्याच गुणपत्रिकेत मोजली जात नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवाद्यांच्या बड्या नेत्याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बंदुकीचा काळ सरत चालला आहे, असं बरेच जण म्हणतात. तसं होत असेल तर मला आनंदच आहे. म्हणूनच हा प्रश्न आता विचारायला हवा. लढाई संपली की गोंडी जाणणारं सरकारही जंगलातून परत जाणार का?

आपण ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात मराठी वाचतो. फादर स्टीफन्स इंग्लंडमधून येऊन मराठी शिकले आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून गेले. मोल्सवर्थ कंपनीच्या लष्करातला अधिकारी होता, आणि त्याचा 1831 चा शब्दकोश आपण अजून उघडतो. धर्म सांगायचा असो की राज्य करायचं असो, ज्याला लोकांपर्यंत जायचं होतं त्याने लोकांची भाषा शिकली. आणि हेमलकशाला 1973 पासून आमटे कुटुंबाने तेच केलं. डॉ. प्रकाश आमटे माडिया बोलू लागले तेव्हा रोगी दवाखान्यात येऊ लागला. तिथे भाषेचा उपयोग औषध देण्यासाठी झाला, एवढाच फरक.

2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29 लाख आहेत आणि गोंडी अजून आठव्या अनुसूचीत नाही. अनुसूची बदलणं आपल्या हातात नाही. पण मराठीवर अन्याय झाला की आपण लगेच पत्रकं काढतो, आणि सरहद्दीवरची म्हणून त्याचं मला बरंच वाटतं. मोहगावच्या शाळेला नोटीस गेली तेव्हा ती मराठीच्या राज्यातून गेली होती. त्याबद्दलही आपल्या मंडळाने एखादं पत्रक काढावं, एखाद्या गोंडी बोलणाऱ्या शिक्षकाला व्याख्यानाला बोलवावं, असं मला वाटतं. निदान पुढच्या अंकात गोंडीतलं एक पान छापू. लिपी तर आपलीच आहे.