घडाची परीक्षा आणि विहिरीचे पाणी

निफाड-दिंडोरीचा किंवा तासगावचा द्राक्षघड युरोपच्या बाजारात रवाना होण्यापूर्वी ज्या कठोर परीक्षेतून जातो, तशी परीक्षा त्याच बागेच्या बांधावरील विहिरीच्या पाण्याच्या वाट्याला क्वचितच येते, आणि ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश आढळल्यामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, बागाईतदार हवालदिल झाले, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील अंश-तपासणी अधिकच काटेकोर झाली. ते योग्यच झाले. परंतु हॉलंडमधील ग्राहकाच्या प्रकृतीची जेवढी चिंता आपण वाहतो, तेवढी त्या बागेत राबणाऱ्या मजुराच्या हंड्याची वाहू नये, याला काय म्हणावे?

ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आले की डावणीच्या धास्तीने बागांतून ब्लोअर फिरू लागतात. फवारणी आटोपली की टाकी विसळलेले पाणी बांधालगतच्या चारीत सोडले जाते, आणि ती चारी ओढ्याला मिळते. कीटकनाशकांपैकी पुष्कळशी कालांतराने विघटन पावतात. धातूंचे तसे नाही. मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणातील तांबे वर्षानुवर्षे मातीत साठत राहते व धुपणाऱ्या गाळाबरोबर ओढ्यात उतरते. स्फुरदाच्या खतांतून, ती ज्या खडकापासून बनतात त्यातील कॅडमियमही अल्प प्रमाणात शेतात येते. त्यातच जिथे काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि तिच्याखाली सच्छिद्र मुरूम असतो, तिथे पहिल्या पावसाचे पाणी विहिरीपर्यंत पोहोचायला फारसा अडसर उरत नाही.

गावाची खबरदारी म्हणजे टीसीएल पावडर. ती जंतूंसाठी आहे आणि त्या कामी उत्तम आहे. पण कॅडमियमपुढे तिचा इलाज चालत नाही, आणि पाणी उकळावे तर वाफ तेवढी निघून जाते, धातू भांड्यातच राहतो. वास्तविक पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरला 0.003 मिलिग्रॅम, मोनोक्रोटोफॉसची 1 मायक्रोग्रॅम अशी स्पष्ट घालून दिलेली आहे. उणीव मोजणाऱ्याची आहे.

शेतकऱ्याच्या माथी खापर फोडून हा प्रश्न निकालात निघणार नाही. एका पावसाळी आठवड्यात वर्षाचे उत्पन्न गमावण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याने फवारा हातात घेतला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार शहरातल्या वाचकाला फारसा नाही. 1974 चा जलप्रदूषण कायदा मुख्यतः सांडपाण्याच्या मुखाशी उभा राहून कारखानदाराला जाब विचारतो. शेताला असे एक मुख नसते, म्हणून कृषी खाते आणि पाणीपुरवठा खाते यांच्या हद्दींमध्ये ही बाब बेवारस पडून राहते. तथापि तजवीज अशक्य नाही. कोणते औषध किती खपले याची नोंद कृषी सेवा केंद्राच्या विक्रीवहीत असते, आणि निर्यातदार बागाईतदाराच्या दप्तरी फवारणीच्या तारखाही असतात. जिल्हा परिषदेने ही दप्तरे मागवून, तालुक्यात ज्यांचा खप सर्वांत अधिक अशी पाचसहा औषधे निवडावीत, आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर व छाटणीच्या हंगामात बागांलगतच्या सार्वजनिक विहिरींचे नमुने त्यांच्यासाठी आणि जड धातूंसाठी तपासून घ्यावेत. खर्चाची सबब पुढे येईल. तेव्हा घडांच्या तपासणीसाठी उभ्या झालेल्या प्रयोगशाळा हंगाम संपल्यावर किती नमुने तपासू शकतील, एवढी चौकशी तरी अधिकाऱ्यांनी आधी करावी.