‘डॉक्टर हू’चे नाताळ विशेष भाग: क्रमवारी कोणत्या निकषावर?

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये नव्याने उभी राहिली. तिचा नायक परग्रहावरचा आहे. खरे नाव तो सांगत नाही, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. जुन्या निळ्या पोलीस फोनपेटीसारख्या दिसणाऱ्या ‘टार्डिस’ या यानातून तो कोणत्याही काळात जाऊ शकतो. मरणाच्या दारी पोचला की त्याचा कायापालट होतो आणि त्याच भूमिकेत नवा नट येतो. मालिका इतकी दीर्घायुषी ठरली ती या युक्तीमुळेच. पुनरुज्जीवनानंतर २००५ ते २०१७ या काळात एकही नाताळ विशेष भागाविना गेला नाही. पुढे काही वर्षे हे भाग नववर्षदिनी गेले आणि २०२३ व २०२४ मध्ये पुन्हा नाताळला आले. नाताळच्या दिवशी दाखवलेले असे पंधरा भाग २०२४ अखेर जमा झाले आहेत. त्यांची क्रमवारी लावणे हा चाहत्यांचा दर डिसेंबरचा रिवाज आहे. या क्रमवारीवर दोन बाजूंनी आक्षेप येतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. मात्र क्रमवारी लावणाऱ्यांची नेहमीची मोजपट्टीही तितकीच चुकीची आहे.

पहिला पूर्वपक्ष असा: आवडनिवड ज्याची त्याची, तिला क्रमांक कसले द्यायचे? या मालिकेच्या चाहत्यांचा इतिहासच त्याला उत्तर देतो. ‘डॉक्टर हू मॅगझिन’ या मासिकाने वाचकांकडून मालिकेतील कथांना अनेकदा गुण देववले. १९९८ मध्ये ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ पहिली आली, २००९ मध्ये ‘द केव्हज ऑफ अँड्रोझानी’ आणि २०१४ मध्ये ‘द डे ऑफ द डॉक्टर’. शिखरावरचे नाव असे बदलत गेले. तळाला मात्र २००९ मध्येही ‘द ट्विन डायलेमा’ होती आणि २०१४ मध्येही तीच. सारा लहरीचा कारभार असता तर हजारो वाचक पाच वर्षांच्या अंतराने त्याच कथेला शेवटी बसवते ना. उत्तमाबद्दल मतभेद होतात, कारण उत्तम अनेक प्रकारचे असते. फसलेले काम मात्र बहुतेकांना ओळखू येते. शिवाय क्रम लावायचा म्हटले की हा भाग त्याच्या वर का, याचे कारण द्यावे लागते. नुसते ‘आवडला’ म्हणून सुटका होत नाही, आणि टीका खऱ्या अर्थाने सुरू होते ती इथूनच.

दुसरा पूर्वपक्ष अधिक पसरलेला आहे. नाताळचा भाग म्हणजे जेवणानंतरची करमणूक. बर्फ, झाड, सांताक्लॉज आणि थोडी धावपळ यापलीकडे त्यात काही नसते, तेव्हा त्याची गंभीर चिकित्सा कशाला, असे तो म्हणतो. या म्हणण्याला इंग्रजी नाताळकथेची परंपराच ठाऊक नाही. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. ती भुतांची कथा आहे. तिच्या मध्यभागी एक अपंग मूल मरण्याची शक्यता आणि एका कंजूष म्हाताऱ्याची कोणीही न रडलेली तिरडी आहे. नाताळात शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी सांगायच्या ही त्या देशाची जुनी चाल, आणि १९७० च्या दशकात बीबीसीने दर नाताळला एक भूतकथा दाखवून ती दूरचित्रवाणीवर आणली. सणाच्या दिवशी गेलेल्या माणसांची आठवण अधिक टोचते, हे या परंपरेचे मूळ आहे. ‘डॉक्टर हू’चे चांगले नाताळ भाग याच घराण्यातले आहेत.

२०१० चा ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हा स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेला भाग या आक्षेपाला पुरेसा आहे. काझरान सार्डिक हा एका ग्रहावरचा धनाढ्य म्हातारा. मायकेल गॅम्बन यांनी तो उभा केला आहे. ग्रहावरच्या ढगांवर त्याच्या यंत्राची सत्ता चालते. चार हजारांवर प्रवासी असलेले एक यान त्या ढगांत कोसळते आहे आणि त्याने यंत्र चालवले तर ते वाचेल. तो साफ नकार देतो. मग डॉक्टर त्याच्या बालपणात जाऊन त्याचे आयुष्य आतून बदलू लागतो, आणि इकडे म्हाताऱ्याच्या मनात नव्या आठवणी उमटत जातात. कर्जाच्या तारणापोटी गोठवून ठेवलेली अबिगेल दर नाताळला एका रात्रीपुरती जागी होते. काझरानचा तिच्यावर जीव जडतो. मात्र तिच्या आयुष्याचे मोजकेच दिवस उरले आहेत, आणि जागेपणीच्या प्रत्येक रात्रीगणिक त्यातला एक संपतो.

डिकन्सच्या कथेत तिसरे भूत भविष्य दाखवते. इथे म्हातारा काझरान भविष्य पाहायला तयार होतो आणि डॉक्टर त्याच्यासमोर लहानग्या काझरानला उभा करतो. भविष्य मुलाला दाखवले जाते, आणि ते भविष्य म्हणजे तो म्हातारा स्वतः. मुलावर उगारलेला हात अर्ध्यात थांबतो. कालप्रवास ही विज्ञानकथेची जुनी सामग्री. तिच्यातून माणसाच्या पश्चात्तापाची इतकी नेमकी रचना मालिकेच्या नेहमीच्या भागांतही क्वचित साधली आहे. पुढची कलाटणी तर याहून कठोर आहे. काझरान बदलतो आणि म्हणूनच यंत्र त्याला ओळखेनासे होते, कारण ते जुन्या काझरानसाठी बांधलेले असते. चांगुलपणाची किंमत लगेच मोजावी लागते आणि ती अबिगेलच्या शेवटच्या दिवसाने मोजली जाते. याला फुटकळ करमणूक म्हणता येत नाही.

आता क्रमवारी लावणाऱ्यांच्या मोजपट्टीकडे वळायला हवे. काही जण प्रेक्षकसंख्या प्रमाण मानतात. त्या हिशेबाने २००७ चा ‘व्हॉयेज ऑफ द डॅम्ड’ अव्वल ठरतो, कारण तो १ कोटी ३३ लाख लोकांनी पाहिला आणि नव्या पर्वातील दुसरा कोणताही भाग तिथवर पोचला नाही. पण या आकड्यात भागात काम केलेल्या गायिका काइली मिनोग यांची लोकप्रियता आहे, नाताळच्या संध्याकाळची मोक्याची वेळ आहे, घरोघरी एकच संच सगळ्यांनी मिळून पाहण्याची तेव्हाची सवय आहे. भाग पाहायला किती जण बसले हे आकडा सांगतो. भाग कसा होता हे सांगत नाही. या भागात प्रशंसनीय जे आहे ते आकड्यात दिसूच शकत नाही: ‘टायटॅनिक’ नावाच्या यानावरची भली माणसे एकेक करून मरतात, वाचतो तो आपमतलबी माणूस, आणि कोणी जगावे हे डॉक्टरच्या हाती नसते.

याहून मोठी दिशाभूल होते ती मालिकेच्या इतिहासातील महत्त्वाला गुण दिल्याने. ‘द एंड ऑफ टाइम’मध्ये डेव्हिड टेनंट निघून जातात, ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’मध्ये मॅट स्मिथ, ‘ट्वाइस अपॉन अ टाइम’मध्ये पीटर कपाल्डी. लाडक्या नटाच्या निरोपाने डोळे ओले होतात आणि त्या ओलेपणाचे गुण भागाच्या खात्यात जमा होतात. निरोपाचे मोल खरे आहे, पण तो नाताळचा भाग म्हणून कसा उतरला हा प्रश्न वेगळा आहे. २०१३ च्या ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’ने तीन वर्षांतली न सुटलेली कोडी, कायापालटाची बारा वेळांची मर्यादा आणि शतकानुशतके चाललेला वेढा हे सारे तासाभरात कोंबले. गावाचे नाव ‘ख्रिसमस’ आहे; नाव दुसरे काही असते तरी कथेचे फारसे बिघडले नसते. आधीचे भाग न पाहिलेला पाहुणा पंधराव्या मिनिटाला हरवतो.

२०१७ च्या ‘ट्वाइस अपॉन अ टाइम’मध्ये मात्र निरोप आणि सण एकमेकांत गुंतले आहेत. पहिला आणि बारावा, दोघेही डॉक्टर पालटायला नकार देऊन हटून बसतात. त्यांच्यासोबत पहिल्या महायुद्धाच्या रणांगणावरून मृत्यूच्या क्षणी उचलला गेलेला एक ब्रिटिश कॅप्टन असतो. त्याला परत नेऊन ठेवताना डॉक्टर वेळ किंचित पुढे सरकवतो, आणि तो १९१४ च्या नाताळच्या उत्स्फूर्त युद्धविरामात जाऊन पडतो. समोरासमोरच्या खंदकांतून गाणी उठतात, सैनिक बाहेर येतात आणि कॅप्टन वाचतो. नाताळ काढून टाकला तर इथे कथेला शेवटच उरत नाही.

योग्य निकष इथेच सापडतो. नाताळचा भाग एका विशिष्ट खोलीसाठी लिहिलेला असतो. तिथे मालिका तोंडपाठ असलेली नात बसलेली असते, तशीच डॉक्टर कोण हेही ठाऊक नसलेली आजी असते, आणि त्या वर्षी एखादी खुर्ची रिकामी झालेली असते. म्हणून पहिले पाहायचे ते आजीला कथा कळते का. दुसरे, सण कथेच्या सांध्यात आहे की नुसता भिंतीवर टांगलेला आहे. आणि तिसरे, सर्वांत जड: ती रिकामी खुर्ची भागाला दिसते का. मालिकेच्या एरवीच्या कथांना हे प्रश्न लागू नाहीत. म्हणूनच नाताळच्या भागांची वेगळी यादी करण्यात अर्थ आहे.

या निकषावर ‘अ ख्रिसमस कॅरोल’ पहिला राहतो. तिथे चाहत्यांच्या बहुतेक याद्यांशी मतभेद नाही. दुसऱ्या स्थानावर २०१४ चा ‘लास्ट ख्रिसमस’ यायला हवा. त्यात डोक्याला चिकटून माणसाला गोड स्वप्नात ठेवत मारणारे जीव आहेत, आणि निक फ्रॉस्ट यांचा सांताक्लॉज म्हणजे स्वप्न पाहणाऱ्या मनाने स्वतःला जागे करण्यासाठी पाठवलेला धोक्याचा इशारा आहे. डॉक्टरची सहप्रवासी क्लारा हिला स्वप्नात तिचा मेलेला प्रियकर डॅनी भेटतो, नाताळच्या सकाळी, भेटवस्तूंसह. तिथून उठायचे तर त्याला दुसऱ्यांदा गमवावे लागते. सणात शोक कसा दबा धरून बसतो, हे याहून स्पष्ट कोणत्याही भागाने मांडलेले नाही.

२००५ चा ‘द ख्रिसमस इन्व्हेजन’ तिसरा. नव्या डॉक्टरचा हा पहिलाच पूर्ण भाग, तरी तो बराच वेळ झोपलेला असतो. हे लेखक रसेल टी. डेव्हिस यांचे धाडस होते. त्यामुळे प्रेक्षक आधी डॉक्टरची सहप्रवासी रोझ हिच्या घरात, तिच्या आईसोबत आणि तिच्या भीतीसोबत राहतो. डॉक्टर उठतो तो उसन्या रात्रपोशाखात आणि त्याच वेशात तलवारीने लढतो. शेवटी कागदी मुकुट घालून सगळे जेवायला बसतात. पण त्याआधी परत निघालेले शत्रूचे यान पंतप्रधान हॅरिएट जोन्सच्या आज्ञेने उडवले गेलेले असते. बाहेर पडते आहे ते बर्फ नाही, त्या यानाची राख आहे.

नेहमीच्या याद्यांशी खरा झगडा पुढच्या दोन भागांवर आहे. २००८ चा ‘द नेक्स्ट डॉक्टर’ लंडनवर चालून येणाऱ्या राक्षसी यंत्रामुळे खाली ढकलला जातो. त्याचे हृदय जॅक्सन लेक या माणसात आहे. बायकोच्या मृत्यूचा घाव सोसवत नाही म्हणून तो स्वतःला डॉक्टर समजू लागतो. शेवटी तो खऱ्या डॉक्टरला नाताळच्या जेवणाला बोलावतो. डॉक्टर आधी टाळतो. मग गेलेल्यांच्या स्मरणार्थ म्हणून थांबायला तयार होतो. तिन्ही प्रश्नांना इतके थेट उत्तर देणारा भाग खालच्या निम्म्यात ठेवणे अन्यायाचे आहे. त्याच्या जोडीला २०२४ चा ‘जॉय टू द वर्ल्ड’ बसतो. डॉक्टर लंडनच्या एका साध्या हॉटेलात वर्षभर अडकतो आणि अनिता या व्यवस्थापिकेशी त्याची मैत्री होते. ही मैत्री आणि महासाथीच्या नाताळात आईला रुग्णालयात एकटी गमावलेल्या जॉयचा संताप हा ताज्या जखमेवर ठेवलेला हात आहे. बेथलेहेमवर नेणारा शेवट अनेकांना अती वाटतो. त्याआधीच्या पाऊण तासाचे मोल त्याने कमी होत नाही.

२०११ चा ‘द डॉक्टर, द विडो अँड द वॉर्डरोब’ सहसा तळाशी टाकला जातो. नवरा विमानासह बेपत्ता झाल्याची तार आलेली आई नाताळ पार पडेपर्यंत मुलांपासून ती लपवून ठेवते, ही सुरुवात उत्तम आहे. शेवटी नवरा सुखरूप परत येतो आणि तो शोक पुसला जातो. दोष आहे तो इथे. भाग मधल्या फळीत शोभतो. ‘द स्नोमेन’, ‘द रनअवे ब्राइड’ आणि २०२३ चा ‘द चर्च ऑन रूबी रोड’ त्याच्या आसपास येतात. त्यांतल्या पहिल्यात नाताळच्या आदल्या रात्री एका कुटुंबाने ढाळलेल्या अश्रूंनी जीवघेणे बर्फ वितळते, म्हणून तो थोडा वर.

निकष पाळायचा तर आवडते भागही खाली सरकवावे लागतात. २०१५ चा ‘द हजबंड्स ऑफ रिव्हर साँग’ ही डॉक्टर आणि रिव्हर यांची सुंदर प्रेमकथा आहे. डॅरिलियम या ग्रहावरची त्यांची चोवीस वर्षांची रात्र मालिकेतील श्रेष्ठ क्षणांत मोडते. पण तिचा सारा भार २००८ पासून साठलेल्या पूर्वकथेवर आहे आणि नाताळ आरंभीच्या सजावटीपुरता. कथा म्हणून पहिल्या तिनांत, नाताळचा भाग म्हणून दहाव्याच्या आगेमागे. २०१६ चा ‘द रिटर्न ऑफ डॉक्टर मिस्टेरियो’ महानायकांच्या चित्रकथांना दिलेली प्रसन्न दाद आहे. त्यात आरंभीच्या एका रात्रीपलीकडे सण नाही, म्हणून तो शेवटून दुसरा. शेवटचा क्रमांक ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’चा.

नववर्षदिनी दाखवलेल्या भागांना कित्येक जण वेगळ्या यादीत टाकतात. खोली तीच, माणसे तीच, तेव्हा निकषही तोच लागू पडतो. त्यांतला १ जानेवारी २०२२ चा ‘ईव्ह ऑफ द डालेक्स’ मँचेस्टरमधील सामान साठवण्याच्या एका इमारतीत घडतो. वर्ष संपायला काही मिनिटे उरलेली असतात, डॉक्टरचे जुने शत्रू डालेक सगळ्यांना मारतात आणि काळ पुन्हा मागे जातो; पण दर फेरीत एक मिनिट कमी होते आणि बारा वाजले की पुढची फेरी नाही. मध्यरात्रीची उलटी मोजणी हीच इथे कथा आहे. एकत्र यादीत हा भाग ‘जॉय टू द वर्ल्ड’च्या लगेच खाली, सहाव्या क्रमांकावर येतो.