शोषखड्ड्यातले पाणी कुणाच्या बोअरमध्ये जाते?

संपादक महोदय,



सांडपाण्याच्या पुनर्वापरावरील आपल्या लेखात, प्रक्रिया केलेले पाणी जमिनीत मुरवले तर भूजलाची पातळी वाढेल, असे एक विधान सहज येऊन गेले आहे. पुण्याभोवतीच्या गावांत हल्ली हे विधान बिल्डरच्या माहितीपत्रकापासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. पातळी वाढेल, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वाढलेल्या पाण्यात काय असेल याबद्दल. माझे म्हणणे असे की, आपल्याकडच्या कातळावर एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे, पाणी शोषखड्ड्यात सोडू देऊ नये. आणि जिथे ते आधीच मुरते आहे तिथे आजूबाजूच्या बोअरचे पाणी तपासावे, एसटीपीच्या नळाचे तपासून थांबू नये.

२०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली. टॉवर त्याआधीच उभे राहिले होते. ड्रेनेजची लाइन अनेक ठिकाणी अजून यायची आहे. पाणी टँकरचे आणि बोअरचे. सांडपाणी तळघरातल्या एसटीपीत जाते, त्यातले काही फ्लशला आणि बागेला परत येते. उरलेल्याचे काय? पावसाळ्यात तर बागेलाही पाणी नको असते. आमच्या भागातल्या एका सोसायटीत मागच्या भिंतीलगत याचे उत्तर दिसते. एसटीपीकडून आलेला पीव्हीसी पाइप दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात उतरतो. त्याच खड्ड्यात गच्चीवरचे पावसाचे पाणीही येते, कारण तो मुळात पुनर्भरणासाठी खणलेला आहे. जवळच बोअरचा केसिंग पाइप जमिनीतून वर आलेला. भिंतीवर हिरव्या अक्षरांत ‘जल है तो कल है’. म्हणजे पाऊस जिरवण्याच्या नियमाने खणलेल्या खड्ड्यातून आपण सांडपाणी थेट बोअरच्या दारात नेऊन सोडतो. सेप्टिक टाकीच्या पाण्यासाठीसुद्धा भारतीय मानकात पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर अंतर सांगितलेले आहे.

आता ‘प्रक्रिया केलेले’ म्हणजे नेमके काय ते पाहू. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत सांडपाणी केंद्रांसाठी बीओडी (सेंद्रिय घाणीचे माप), तरंगते घन पदार्थ, सामू आणि विष्ठेतील जिवाणू यांच्या मर्यादा आहेत. जिवाणूंची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १,०००. पिण्याच्या पाण्यात हा आकडा शून्य लागतो. नदीत सोडायच्या पाण्याला तो निकष कदाचित चालेलही, पण तेच पाणी शेजारच्या बोअरमध्ये उतरणार असेल तर कसे चालेल? २०१५ च्या मसुद्यात नायट्रोजनचीही मर्यादा होती, ती अंतिम अधिसूचनेतून गळाली. २०१९ मध्ये हरित लवादाने नायट्रोजनसह कडक निकष लावायला सांगितले. प्रदूषण मंडळाच्या काही संमतिपत्रांत आता एकूण नायट्रोजनची ओळ असतेही. ती पाळली जाते का, हे ज्यांनी रात्री वीजबिल वाचवण्यासाठी ब्लोअर बंद ठेवलेली एसटीपी पाहिली आहे त्यांना विचारावे.

गंमत अशी की एसटीपी उत्तम चालली तरी हा प्रश्न सुटत नाही. मैल्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात येतो. ब्लोअरने भरपूर हवा दिली की जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पुढे प्राणवायूविना चालणारी वेगळी टाकी असेल, तरच त्या नायट्रेटचा वायू होऊन तो हवेत जातो. ती टाकी नसेल किंवा नुसती नावाला असेल, तर स्वच्छ, बिनवासाचे, बीओडीच्या परीक्षेत पास झालेले पाणी नायट्रेट घेऊन बाहेर पडते. आणि ब्लोअर बंद असला तर अमोनिया तसाच जमिनीत जातो, तिथले जिवाणू उरलेले काम करतात. हिशेब साधा आहे. लिटरमागे ३० मिलिग्रॅम नायट्रोजन उरला, तर त्याचे सुमारे १३० मिलिग्रॅम नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यातली आपली मर्यादा ४५ आहे, आणि दुसरा स्रोत नसला तरी या मर्यादेत सवलत नाही. ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी आहे. नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, अंग निळे पडते. वरच्या दुधात बोअरचे पाणी घालणाऱ्या घरांत हे कुणी सांगितलेले नसते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीनने जात नाही, यूव्हीच्या फिल्टरनेही नाही.

‘माती गाळून घेते की,’ हा यावरचा हमखास प्रतिवाद. गाळणीत चहाची पत्ती अडते, साखर अडत नाही. नायट्रेट पाण्यात विरघळलेले असते आणि मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. जिवाणू अडायलाही मातीचा जाड थर आणि वेळ लागतो. आपल्याकडे माती किती? वर हातभर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, नाहीतर भेगा पडलेला काळा पाषाण. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, पाणी ‘झऱ्याने’ येते असेच तो सांगेल. ते भेगांतून धावते, त्यामुळे वाळूत जे महिन्यांत घडते ते इथे काही दिवसांत होऊ शकते.

इस्रायलचे उदाहरण हमखास दिले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे. तेल अवीव परिसराचे सांडपाणी शाफदान प्रकल्पात खरोखरच जमिनीत मुरवले जाते. पण तिथे वाळूच्या टेकड्यांचा जाड थर आहे, तळी आलटून पालटून भरतात आणि सुकवतात, भोवती निरीक्षण विहिरी आहेत. आणि मुख्य म्हणजे ते पाणी उपसून नेगेवच्या शेतीला देतात. तो भूजलाचा पट्टा पिण्याच्या साठ्यापासून वेगळा ठेवला आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाणी मुरवून पुढे पिण्यासाठी वापरतात, पण जमिनीत सोडण्याआधी ते सूक्ष्म गाळणी, आरओ आणि अतिनील किरणांतून काढलेले असते. या दोन्ही ठिकाणांची नावे घेऊन आपण मात्र शोषखड्डा खणायचा, हे काही पटत नाही.

नायट्रेट युरियातूनही येते, हे मान्य. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात देशातल्या सुमारे एक पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले, आणि त्यात शेतातल्या खताचा वाटा मोठा आहेच. पण जिथे शेवटचे शेतही प्लॉटिंगमध्ये गेले तिथे युरिया कोण टाकतो?

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा विहिरी, टँकर, आरओ केंद्रे यांची धावपळीने तपासणी झाली. त्या साथीचा एसटीपीशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण तेव्हा सगळे लक्ष क्लोरीनवर आणि जिवाणूंवर गेले, आणि साथ ओसरताच तेही हटले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय याच शहरात आहे. ती निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते. सोसायट्यांच्या बोअरचे पाणी मात्र नियमाने कोणीच तपासत नाही. प्रदूषण मंडळ एसटीपीच्या नळाशी थांबते, महापालिका आपल्या जलवाहिनीशी.

कायदा नवा करायची गरज नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातील ‘प्रवाह’ या व्याख्येत भूगर्भातले पाणीही येते, आणि दूषित पाणी जमिनीवर सोडण्यासही तोच कायदा लागू होतो. तेव्हा संमतिपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी परिसरातल्या दोन-तीन बोअरचा नायट्रेट आणि ई-कोलायचा अहवाल, एक उन्हाळ्यातला आणि एक पावसाळ्यानंतरचा, जोडायला लावावा. पुनर्भरणाच्या खड्ड्यात एसटीपीचा पाइप सापडला तर भोगवटा प्रमाणपत्र अडवावे. उरलेले पाणी बांधकामांना आणि रस्ते धुवायला सक्तीने द्यावे. आज तिथे बऱ्याचदा ताजे पाणी वापरले जाते.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनाही यासाठी कुणाची वाट पाहायला नको. नायट्रेटच्या एका तपासणीला टँकरच्या एका फेरीइतकाही खर्च येत नाही. अहवाल सूचना फलकावर लावायचा की नाही, यावर मात्र सभेत तासभर वाद होईल, कारण फ्लॅटच्या किमतीचा विषय निघणार. तरीही तो लावावा, आणि त्याची एक प्रत भिंतीपलीकडच्या चाळीतही द्यावी. तिथे आरओ नाही, आणि बोअर त्याच भेगेवर आहे.

आपला,
एक वाचक, हवेली तालुका, पुणे