वायडी लागला म्हणजे शिष्यवृत्ती बुडाली?

ठरलेले विषय सुटले नाहीत की पुढच्या वर्गात प्रवेश मिळत नाही. यालाच मुले वायडी, म्हणजे इयर डाऊन म्हणतात. आपल्याकडे अशा विद्यार्थ्याला सहसा कोणी काढून टाकत नाही; राहिलेले विषय घरी बसून सोडवायचे असतात. पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात मात्र 'घरी बसलेला' मुलगा बहुधा चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागतो. हातात पगार येऊ लागतो आणि परीक्षेच्या आठवड्यात नेमकी रात्रपाळी लागते.

अशा मुलाला पुन्हा शिष्यवृत्ती द्यायला एक ठरीव आक्षेप असतो: नापासांवर सरकारी पैसा का उधळायचा? मुळात असा पैसा उधळला जातच नाही. वर्ग तोच राहिला तर त्या वर्षाची मदत सर्वसाधारणपणे थांबतेच. खरी नासाडी वेगळीच आहे. दोन वर्षांची फी सरकारने भरलेली असते आणि तिसऱ्या वर्षाआधी मुलगा कॉलेज सोडतो. तो परतला तरच आधीचा खर्च कामी येतो.

दुसरा समज घरातूनच पसरतो आणि तो जास्त घातक आहे: एकदा गेलेली स्कॉलरशिप परत मिळत नाही. नियम असे म्हणत नाहीत. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत वारंवार नापास होणाऱ्याने स्वतःचा खर्च करायचा असतो, पण तो वरच्या वर्गात जाईपर्यंतच. एटीकेटी घेऊन, म्हणजे काही विषय राहिलेले असतानाही, वर गेलेल्याला त्या वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळू शकते. आजारपणामुळे परीक्षा हुकली, तर वैद्यकीय दाखल्यावर नूतनीकरणाची सोय आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत शिक्षणातल्या खंडाला दोन वर्षांची मर्यादा आहे. खंड पडूच नये, असे तिथेही म्हटलेले नाही. पदवी पूर्ण करायला नेमून दिलेल्या वर्षांपेक्षा दोन वर्षे जास्त द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचेही मार्गदर्शन आहे.

शिक्षणात पडलेला खंड म्हणजे कुवतीचा निवाडा, हेही खरे नव्हे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. आंबेडकरांना 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. ते नापास झाले नव्हते, पैसा संपला होता. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परतण्याची मुभा दिली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेनांचे कर्ज यांवर ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते.

नियम आडवे येत नसतील, तर मग मुले अडतात कुठे? अर्जात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला अर्ज आधी महाविद्यालयाकडे जातो, मग खात्याकडे. उत्पन्नाचा दाखला जुना असो, खंडाचे प्रमाणपत्र नसो किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नसो, अर्ज त्रुटी दाखवून परत येतो आणि मुदतीत दुरुस्त करावा लागतो. सूचना मोबाईलवर येते. बऱ्याच कंपन्यांत मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो. मुलगा शिफ्टवर असताना मुदत उलटून जाते, आणि मग तो नियमालाच दोष देतो.

तरीही नियमांत एक उणीव राहतेच. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना पहिल्या अपयशाची माफी देणारी तरतूद मॅट्रिकोत्तर योजनेत होती, बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ती नव्हती. या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे, कारण फी कमी असली तरी घरची ओढाताण तीच असते. हजेरीची अट घालून ही सवलत सर्व अभ्यासक्रमांना आणि सर्व योजनांना एकदा, फक्त एकदाच, लागू करावी. दुसऱ्यांदा तोच वर्ग राहिला, तर वर जाईपर्यंत खर्च स्वतः करण्याचा आजचा नियम रास्तच आहे. त्या वर्षापुरती कंपनीतली नोकरी टिकवून विषय सोडवावेत, नाहीतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ता 1989 पासून खुला आहेच.