मिस्त्रीचा हात चालतो, गॅरेज मात्र रखडते

जैनथ (आदिलाबाद) : कापसाचा हंगाम आला की पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर गाडी उभी राहणे कोणालाच परवडत नाही. जैनथ भागातल्या रस्त्यांवर टीजी-01 च्या जोडीला एमएच-29 आणि एमएच-34 च्या गाड्याही दिसतात. गाडी गॅरेजात गेली की गिऱ्हाईकाचा एकच प्रश्न असतो, "मिस्त्री, कधी देता?" उत्तरही ठरलेलेच, "पार्ट आला की."

उशिराचे खापर मिस्त्रीवर फुटते. हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसते.

समजा, गॅरेजात दोन मिस्त्री आठ-आठ तास हजर आहेत. म्हणजे 16 तास. त्यातले 10 तासच हात गाडीला लागला. ही उत्पादकता, 62.5 टक्के. त्या 10 तासांत त्यांनी 12 तासांचे ठरलेले काम उरकले. ही कार्यक्षमता, 120 टक्के. माणूस चपळ आहे, पण 6 तास वाट पाहण्यात गेले. प्रत्येकाचा एकेक तास वाचला, तर त्याच पगारात 12 ऐवजी 14.4 तासांचे काम निघेल.

हा वेळ जातो कुठे? आधी गाडी खोलायची, मग पार्ट शोधायचा, मग पोऱ्याला आदिलाबादला पिटाळायचे. चुकीचा पार्ट आला की दुसरी फेरी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि नुसत्या कानाने बिघाड ओळखण्याचे दिवस सरले. स्कॅनर नसेल तर अंदाजाने पार्ट बदलला जातो आणि भुर्दंड गिऱ्हाईकाला बसतो.

उपाय फार खर्चाचा नाही. आदल्या संध्याकाळी फोनवर तक्रार आणि चेसिस नंबर लिहून घेतला, तर पार्ट सकाळीच मागवता येतो. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, फॅन बेल्ट असा रोजचा माल फळीवर हवा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. मूळ किंमत हजार रुपये असलेला पार्ट 1,280 ऐवजी 1,180 ला पडतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान गॅरेजला भरलेला कर परत मिळत नाही, त्यामुळे त्याला हे शंभर रुपये थेट वाचतात. तेच फळीवरच्या मालात घालता येतील.

नवा मिस्त्री ठेवण्याआधी गॅरेजवाल्यांनी आठवडाभर एक वही ठेवून पाहावी. गाडी कधी आली, हात कधी लागला, पार्ट कधी आला. पैसा कुठे गळतो ते वहीच सांगेल. तेवढ्याने शेतकऱ्याची गाडीही बाजाराच्या दिवशी दारात उभी राहणार नाही.