प्रचाराचा पहिला पैसा

१९८२ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात डेमोक्रॅट उमेदवार हॅरिएट वुड्स सिनेटची निवडणूक दोन टक्क्यांहून कमी मतांनी हरल्या. लढत ऐन रंगात असताना पैसे संपले आणि टीव्हीवरच्या जाहिराती थांबवाव्या लागल्या. हा पराभव एलेन माल्कम यांच्या जिव्हारी लागला.

माल्कम यांचे पणजोबा पुढे आयबीएममध्ये विलीन झालेल्या एका कंपनीच्या संस्थापकांपैकी. वारशाने आलेला पैसा त्या अनेक वर्षे नाव न सांगता सामाजिक कामांना देत होत्या. पण एका श्रीमंत बाईच्या देणगीने निवडणुका फिरत नाहीत, हे त्यांनी ओळखलं, आणि त्यांची खरी कामगिरी इथूनच सुरू होते.

१९८५ मध्ये त्यांच्या वॉशिंग्टनमधल्या घराच्या तळघरात सुमारे पंचवीस जणी आपापल्या पत्त्यांच्या याद्या घेऊन जमल्या आणि मैत्रिणींना पत्रं लिहू लागल्या. त्यातून ‘एमिलीज लिस्ट’ उभी राहिली. पाव फुगवणाऱ्या यीस्टसारखा सुरुवातीचा पैसा पुढचा पैसा आणतो, ही कल्पना संस्थेच्या नावातच आहे: ‘अर्ली मनी इज लाइक यीस्ट’ची आद्याक्षरं म्हणजे ‘एमिली’. पद्धत साधी होती. सभासद १०० डॉलर भरायची आणि यादीतल्या किमान दोन उमेदवारांना प्रत्येकी १०० डॉलर देण्याचं वचन द्यायची. चेक उमेदवाराच्या नावाने निघत. संस्था ते गोळा करून एकगठ्ठा पोचवी. प्रचाराच्या पहिल्याच महिन्यांत असा गठ्ठा उमेदवाराच्या हाती आला की पक्षातले जाणते पुरुषही तिचा फोन उचलू लागत.

तेव्हा सिनेटमध्ये दोनच स्त्रिया होत्या, दोघीही रिपब्लिकन. १९८६ मध्ये मेरीलँडच्या बार्बरा मिकुल्स्की निवडून आल्या. पतीच्या जागेवर न येता स्वतःच्या बळावर सिनेटमध्ये पोचलेल्या त्या पहिल्या डेमोक्रॅट स्त्री. पुढे सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या न्यायाधीशावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांना सिनेटच्या केवळ पुरुष असलेल्या समितीसमोर मिळालेली वागणूक देशाने पाहिली, संताप उसळला आणि १९९२ मध्ये संस्थेची सभासदसंख्या २३,००० च्या पुढे गेली. त्या वर्षी चार नव्या डेमोक्रॅट स्त्रिया सिनेटवर निवडून आल्या.

ही यादी सर्वांसाठी खुली नव्हती. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने असलेल्या आणि जिंकण्याची शक्यता दिसणाऱ्या डेमोक्रॅट स्त्रियांनाच तिथे स्थान होतं. दुसरी अट मला खुपते, कारण जिची ओळखपाळख कमी, तिची शक्यता कुणाला सहज दिसत नाही. तरीही हे काम मोठं आहे, यात शंका नाही.

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. ३३ टक्के आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. त्यातून जागा मिळेल, पण गाड्या, पत्रकं आणि सभांचा खर्च आरक्षण देत नाही. तुमच्या वॉर्डात एखादी धडपडी कार्यकर्ती उभी राहणार असेल, तर तिला देणगी द्या. पावती घेऊन द्या आणि प्रचाराचा नारळ फुटण्याआधी द्या.